दोन हॉली विंटर्स

"तू खरा आहेस का?"

हा प्रश्न माझा नव्हे. डोकं माझ्या मैत्रिणीचं, ओडेसाचं, पैज दुसरीची, जो-बेथची आणि तोंड तेवढं माझं! दातांच्या तारा निघाल्यापासून मी कशालाच नाही म्हणत नव्हते ना. गेल्या वर्षीपर्यंत शाळेच्या कॅंटीनमध्ये केचप मागायलाही मी जो-बेथला पुढे ढकलायचे. आणि आता? जानेवारीतल्या त्या शनिवारी, ओडेसाच्या तळघरात, दोघी उशीत तोंड खुपसून खिदळत असताना मी चक्क आमच्या गावच्या रेडिओला फोन लावला होता.

"लेक सत्त्याण्णव, जुनी गाणी, तुमची फर्माईश. मी जॅक रिव्हर्स. बोला!"

ओडेसाचे वडील म्हणत, नवी कंपनी आल्यापासून त्या स्टेशनात माणूसच उरलेला नाही, सगळं यंत्रच बोलतं. म्हणून हा प्रश्न.

पलीकडून आलं, "थांब हं, चिमटा काढून बघतो. आई गं! हो, खरा आहे."

मी हसले. जरा जास्तच हसले.

"यंत्रसुद्धा असं म्हणू शकतं," मी म्हणाले.

"मग घे परीक्षा."

"आत्ता काय करतोयस?"

"चिकट भात खातोय. हाताने. त्यातलं एक शीत बटणांच्या फटीत अडकलंय आणि काही केल्या निघत नाहीये. यंत्राला कळेल हे दुःख?"

"टाचणीने काढ."

"...निघालं! कोण गं तू?"

"ब्रिटा," मी म्हणाले. आडनाव सांगितलं नाही. का, ते सांगते.

आमच्या घरात लेक सत्त्याण्णवचं नाव काढायची चोरी होती. कारण लेक सत्त्याण्णवची हॉली विंटर्स म्हणजे माझी आई. खरं नाव मार्लिस हॉगेन, पण रोज पहाटे पाच ते नऊ, एकोणीस वर्षं, अख्ख्या गावाची हॉली. कुणाच्या कोठारात मांजरीला पिल्लं झाली, कुणाचा हातमोजा चर्चमध्ये राहिला, बर्फामुळे कोणकोणत्या शाळा बंद... सगळं गाव आईच्या आवाजात जागं व्हायचं. ऑक्टोबरात एका गुरुवारी ती सव्वादहाला घरी आली ती एक खोकं घेऊन. खोक्यात तिचा कप, लोकरी मोजे आणि माझा दुसरीतला फोटो. नव्या कंपनीने तिला काढलं होतं आणि निरोपाचं एक वाक्यही बोलू दिलं नव्हतं. रेडिओत देतच नाहीत म्हणे. माणूस चिडून काय बोलेल, भरवसा नसतो.

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे रेडिओ म्हणाला, "सुप्रभात, मी हॉली विंटर्स!"

आम्ही तिघं स्वयंपाकघरात जागच्या जागी थिजलो. बाबाच्या हातातली कॉफी तिरकी होऊन टेबलावर सांडत राहिली, त्याला पत्ताच नाही. आवाज थेट आईसारखा... जवळजवळ. कुणी बाई दूर ॲरिझोनात बसून आदल्या दिवशी बोलून ठेवायची आणि आमच्याकडे ते पहाटे लागायचं. हॉली हे नाव आईचं नव्हतंच मुळी, स्टेशनचं होतं. वर आईने निघताना एका कागदावर सही केली होती: स्टेशनबद्दल, त्या नावाबद्दल बाहेर चकार शब्द काढणार नाही.

गावाला काहीच कळलं नाही. "आवाज बसलाय का गं?" एवढंच लोक विचारायचे. ती घरीच असते हे कळू नये म्हणून आई दहा वाजेपर्यंत गाडी गॅरेजबाहेर काढायची नाही.

आणि मी? मी दर शनिवारी चार वाजता ओडेसाच्या तळघरातून त्याच स्टेशनला फोन करत होते. एक गाणं वाजून संपेपर्यंत तीन मिनिटं मिळायची.

"आज उशीर केलास," जॅक म्हणायचा. "मी दोन गाणी वाट पाहिली."

"वाट पाहायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही. सवय लागली... वाईट."

तो 'वाईट' मी ओडेसाला दहादा म्हणून दाखवायचे. ओडेसा म्हणे, "आवाजावर जाऊ नकोस, चाळिशीचा, मिशाळ आणि तीन पोरांचा बाप निघेल." मी तिला उशी फेकून मारली, पण रात्रभर मला मिशा दिसत राहिल्या.

मग फेब्रुवारीतला तो बुधवार आला.

बाबा काउंटीचा बर्फ उपसायचा ट्रक चालवतो. सकाळी सातला त्याचा फोन: "शाळा बंद झाल्यात. ब्रिटाला बाहेर सोडू नकोस, समोरचं काही दिसत नाहीये." आई खिडकीशी गेली... आणि किंचाळली. कोपऱ्यावर बसच्या थांब्यावर सात-आठ पोरं उभी होती. उणे बावीस तापमानात! आई झोपायच्या झग्यावरच, बाबाचे बूट घालून धावली. मी तिच्यामागे.

"शाळा बंद आहे!" ती ओरडत होती. "घरी जा! शाळा बंद!"

एकोणीस वर्षं गरम खोलीत बसून जे वाक्य म्हटलं, तेच आता वाऱ्यात घसा फोडून. शेजारचा छोटा एमेट टोपीशिवाय आला होता, त्याचे कान मेणासारखे पांढरे पडले होते. आईने ते स्वतःच्या तळव्यांत धरले. तेवढ्यात त्याची आई, मिसेस डाल्की, दारातून बाहेर आली आणि आईकडे बघतच राहिली.

"मार्लिस! तू इथे? आत्ताच तर रेडिओवर म्हणालीस, छान ऊन पडलंय, खिडक्या उघडा म्हणून!"

"आत ने त्याला," म्हणत आईने एमेटला तिच्याकडे ढकललं.

दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात मी दुधाच्या कपाटाआड होते. मिसेस डाल्की आईला सगळ्यांसमोर म्हणाली, "हल्ली आदल्या दिवशीच बोलून ठेवतेस वाटतं! पोराचे कान थोडक्यात वाचले. एकोणीस वर्षं तुझ्या भरवशावर राहिलो आम्ही, मार्लिस. एवढंसं सांगता आलं नाही तुला?"

मी वाट पाहत होते. सांग ना! ती मी नव्हतेच म्हणून सांग!

"चुकलं माझं," आई म्हणाली.

चुकलं माझं! माझ्या हातातली दुधाची बाटली निसटली. फुटली नाही, प्लास्टिकची होती, पण माझ्या आत काहीतरी नक्की फुटलं.

शनिवारी मी फोन केलाच नाही. बाबाची जुनी गाडी काढली आणि मक्याच्या गोठलेल्या शेतांमधून थेट स्टेशन गाठलं. मनोऱ्याखाली एक बैठी इमारत, दाराशी एकच गाडी. मी दोन्ही मुठींनी दार बडवलं.

ज्याने दार उघडलं तो... माझ्याएवढाच! मापाहून दोन आकार मोठा स्वेटर, कपाळावर काळेभोर केस, हातात चिकट भाताची पिशवी. मिशा नाहीत. मिशांचा मागमूसही नाही.

"जॅक रिव्हर्स कुठाय?" मी ओरडले.

"...ब्रिटा?"

तो आवाज! त्या चेहऱ्यातून! मी दाराची चौकट धरली.

"मी केंग," तो म्हणाला. "केंग शाँग. पलीकडच्या गावच्या शाळेत बारावीला आहे. जॅक हे नाव खुर्चीबरोबर मिळालं, माझ्याआधी बसायचा तोही जॅकच होता." मग जरा थांबून, "तू आवाजापेक्षा रागीट दिसतेस."

"दिसते नाही, आहे! हॉली विंटर्स माझी आई आहे."

त्याचा चेहरा असा उतरला की मी पुढचं भांडण विसरले. तो आत वळला, मी मागोमाग. छोटीशी खोली, पिवळा दिवा, गाणं हळू वाजतंय.

"रोज संध्याकाळी त्या ॲरिझोनाच्या बाईचं बोलणं मीच यंत्रात भरतो," तो बटणांकडे बघत म्हणाला. "मंगळवारीही भरलं. 'छान ऊन, खिडक्या उघडा.' मी ऐकलं होतं, ब्रिटा. आणि मी... मी हसलो. म्हटलं, फेब्रुवारीत आमच्याकडे ऊन, काय बाई आहे! आणि बटण दाबून घरी गेलो."

"हसलास?"

"हो. वादळ सकाळी येणार हे माहीत नव्हतं. पण विचारायला हवं होतं कुणालातरी. बुधवारपासून झोप नाही."

मला त्याला मारायचं होतं. खरंच! हातही उचलला होता. पण त्याच्या बोटांकडे लक्ष गेलं. तीच बोटं, ज्यांच्यात एक टाचणी होती... आता भात नसतानाही तो तीच फट उगाच टोकरत होता.

"एमेटचे कान ठीक आहेत," मी म्हणाले. का म्हणाले, देव जाणे.

त्याने श्वास सोडला. मग टेबलावरचा एक कागद माझ्याकडे सरकवला. पुढच्या दोन आठवड्यांचं वेळापत्रक. येत्या शनिवारी चार वाजता, जॅक रिव्हर्स, प्रत्यक्ष. त्याच्या पुढच्या शनिवारी, जॅक रिव्हर्स, ॲरिझोना.

"तुला काढलं?"

"अजून सांगितलेलं नाही. ते सांगत नाहीत, कागदच सांगतो." तो कसंनुसं हसला. "नाव इथेच राहील. मी फक्त जाईन."

गाणं संपत आलं होतं. त्याने आपले हेडफोन काढून हलकेच माझ्या कानांवर ठेवले. त्याच्या कानांची ऊब त्यात अजून होती. बाहेरचा सगळा वारा बंद झाला... आणि त्याचा आवाज, एकदम जवळ, डोक्याच्या मधोमध म्हणाला, "येत्या शनिवारचा तास माझा आहे. तुझ्या आईला दे. नाहीतर तू घे."

"तुझं काय होईल?"

"मधेच हाकलतील. तसाही तो माझा शेवटचाच शनिवार." तो माईकपासून दूर सरकला आणि जॅकच्या नव्हे, स्वतःच्या, जरा अडखळत्या आवाजात म्हणाला, "मी सहा आठवडे शनिवारच्या तीन मिनिटांसाठी जगतोय, ब्रिटा. मला त्या तीन मिनिटांत तुला खोटं नाव सांगायचा कंटाळा आलाय."

मी हेडफोन काढले. पूर्ण काढले, कारण हे मला यंत्रातून ऐकायचं नव्हतं.

"परत म्हण," मी म्हणाले.

"काय?"

"तुझं नाव."

"केंग."

"खरा आहेस का?"

तो हसला, पण मी त्याला चिमटा काढू दिला नाही. तो मीच काढला. आणि मग हात तिथेच राहिला.

गाणं संपलं. लेक सत्त्याण्णववर पूर्ण अकरा सेकंद काहीही वाजलं नाही. ओडेसा म्हणते, तिने तळघरात मोजले.

ती गोष्ट आठवड्याभरापूर्वीची. काल शुक्रवार होता, म्हणजे आमच्या गावात तळलेल्या माशांची संध्याकाळ. अख्खं गाव एकाच जेवणघरात. ऑक्टोबरपासून आम्ही गेलो नव्हतो, मीच हट्ट केला. वाढणाऱ्या बाईने नेहमीसारखं "काय हॉली!" म्हटलं नाही, ताटल्या ठेवून निघून गेली. पलीकडच्या टेबलावर डाल्की मंडळी मान वळवून बसली. आई काट्याने मासा नुसता इकडून तिकडे करत होती. बाबा कोबीच्या कोशिंबिरीशी बोलत असल्यासारखा खाली बघत होता.

मी पाण्याचा घोट घेतला. केचप मागून घेतलं, स्वतः, मोठ्याने. आणि मग म्हणाले,

"आई, बाबा, मी काहीतरी ठरवलंय. विचारत नाहीये, सांगतेय."

आईने वर पाहिलं.

"उद्या चार वाजता मी लेक सत्त्याण्णववर बोलणार आहे. वादळाच्या त्या बुधवारी कोण बोललं आणि झग्यावर कोण धावलं, ते सांगणार आहे. आणि एकोणीस वर्षांचा जो निरोप तुला घेऊ दिला नाही, तो तुझ्या नावाने घेणार आहे. मार्लिस हॉगेनच्या नावाने."

"ब्रिटा..." आईचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, तो कागद! मी सही केलीय."

"तू केलीस, आई. मी नाही केलेली." माझा आवाज चढला असावा, कारण डाल्कींच्या टेबलावरचे काटे थांबले. "आणि माईक मला जो मुलगा देणार आहे ना, त्याचं नाव केंग आहे. तो रविवारी आपल्याकडे जेवायला येतोय. कारण मला तो आवडतो. खूप."