वरची फाइल

गुडघेबदलाच्या ऑपरेशनमध्ये डॉक्टर हाड कापतात, यंत्र त्यांचा हात रेषेवर धरतं आणि त्या यंत्राला रेषा देतो मी. स्कॅनवरून प्रत्येक गुडघ्याचा आराखडा आधीच बनवून ठेवतो. हॉस्पिटलात मला सगळे रोबोटवाला म्हणतात. मीही ते मिरवायचो.

त्या सोमवारी यादीत दोघी होत्या. पहिल्या बाई आदल्या दिवशीच हार्ट अटॅकने गेल्या. त्यांची फाइल काढायची राहिली आणि दुसऱ्या बाईंच्या वेळी मी सवयीने वरचीच उघडली. यंत्राने तक्रार केली नाही. दोन माणसांचे गुडघे इतके सारखे मी कधी पाहिले नव्हते. चूक कळली तेव्हा हाड कापून झालं होतं. एक्स-रे उत्तम आला. मी मूग गिळून बसलो.

तीन महिन्यांनी त्या बाई तपासणीला आल्या. दुखणं शून्य, चाल झकास, डॉक्टर खूश. त्यांच्या यजमानांनी, म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर काकांनी, मला कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"साहेब, पाय छान झाला हो. पण ही चाल हिची नाही."

"नव्या गुडघ्याने चाल बदलतेच, काका."

"अहो, चाळीस वर्षं हिची पावलं ऐकतोय. आता दारात कोण आलं तेच कळत नाही. रोज चारला बाहेर पडते. कुठे जातेस विचारलं, तर म्हणते, पाय नेतात. एक दिवस परतच आली नाही तर काय करू हो मी?"

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. "उद्या येतो मी," एवढंच म्हणालो. वर आव असा, की जसा काही उपकारच करतोय! आजही आठवलं की स्वतःची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी चारला आम्ही दोघं बाईंच्या मागून निघालो. त्या उजव्या पायावर किंचित रेलून, भराभर चालत होत्या. औषधांचं दुकान गेलं, शाळेची भिंत गेली, मग पिवळी इमारत आली. तो पत्ता मला पाठ होता. त्या वरच्या फाइलीवर मी तो दहादा वाचला होता.

तिसरा मजला. बाई कठड्याला हात न लावता चढल्या. बेलकडे हात जायच्या आतच दारामागून म्हातारा आवाज आला, "आलीस? किल्ली विसरलीस ना पुन्हा?"

दार उघडलं. म्हाताऱ्याने बाईंच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पायांकडे पाहिलं आणि बाजूला सरकला.

बाई आत गेल्या.

काकांनी माझा दंड घट्ट धरला. "साहेब, बोलवा ना तिला. तुमचं ऐकेल ती."

मी हाक मारली. तोंडून नाव निघालं ते गेलेल्या बाईंचं.

काकांची पकड सैल झाली. मला मान वर करवेना.

आतून बाईंनी ओ दिली.