लांगानेसच्या तळघरातला चोर

"कुत्रीला पिसं कशाला हवीत?" इल्वा ओरडलीच. "अंडी खाल्ली म्हणा, पण घरट्यांतली पिसंही गायब! आपल्या तीराने काय गादी शिवलीय?"

चुलतबहीण डागरून फिसकन हसली, पण धाकट्या बेर्गूरचे डोळे भरून आले. आयडर बदकांची मऊ पिसं सोन्याच्या भावाने विकली जात, आणि आजोबांच्या बदकांची घरटी कुणीतरी उद्ध्वस्त केली होती. प्रवाशांना फिरवणारा ग्विंदूर म्हणाला, "तुमच्या तीरालाच पाहिलं मी!" आणि शेजाऱ्यांनी शहानिशा न करताच ठरवलं, तीराला उद्या गोळी घालायची.

"खोटारडा! सोडणार नाही मी त्याला," इल्वा दातओठ खात म्हणाली.

तिघं घरट्यांपाशी गेली. चिखलात जीपच्या चाकांचे ठसे होते आणि त्यांच्या कडेने गवतात अडकलेली पिसं थेट लांगानेस भूशिराच्या निमुळत्या टोकाकडे गेली होती. तिथे दोन्ही अंगांना समुद्र, आणि मधे पणजोबांच्या काळी ओस पडलेलं कोळ्यांचं गाव. आता नुसते घरांचे पाये आणि पडक्या भिंती उरलेल्या.

"मासे खारवायचं तळघर!" डागरून कुजबुजली. छप्पर पडलेल्या त्या खड्ड्यात शिडी सोडलेली होती आणि तळाशी पिसांची पोती!

तेवढ्यात जीपची घरघर! तिघं पडक्या भिंतीआड दडली. ग्विंदूर नवं पोतं घेऊन खाली उतरला, आणि इल्वाने झडप घालून शिडी वर ओढली.

"ए कार्ट्यांनो! शिडी टाका!"

"तीराला पाहिलंस ना? मग मार तिलाच हाक!"

तो भिंतीवरून चढू लागला. पण कपारींत फुलमार नावाचे समुद्रपक्षी अंड्यांवर बसले होते. पचाक्! एकाने त्याच्या तोंडावर पोटातलं घाणेरडं तेल थुंकलं. कुजलेल्या माशांचा भपकारा आला. मग दुसऱ्याने. मग तिसऱ्याने!

"बास ना आता, सोडू या?" बेर्गूर म्हणाला.

"मुळीच नाही! जा, आजोबांना आण. गोळी घालणाऱ्यांनाही आण!"

इल्वा काठावर बसून राहिली. प्रत्येक पिचकारीला ती टाळ्या वाजवत होती.

मंडळी आली. त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि शेजाऱ्यांच्या माना खाली गेल्या.

"शाब्बास, पोरांनो!" आजोबा म्हणाले. "डोळे असून आंधळे होतो आम्ही."

"स्टेइनथोर, शिडी! पाया पडतो!" ग्विंदूर आजोबांकडे पाहत रडकुंडीला आला.

आजोबांनी शिडी पायाने आणखी लांब सारली आणि सावकाश दगडावर टेकले.

"पोलिसांना कळवलंय, पण त्यांना यायला वेळ आहे. इल्वा, माझ्या पिशवीतला थर्मास काढ. आधी कॉफी घेऊ."