नव्या धन्याच्या हातचा घास

बोहेमियाच्या डोंगरांत तांबडं फुटत होतं, दरीतलं धुकं तटाला भिडत होतं, आणि स्त्राकोव्ह गडाच्या बुरुजावर येरझारा घालणाऱ्या किल्लेदारीण ल्युडमिलाबाईंच्या जिवाला काही केल्या थारा नव्हता. या गडाने धनी तरी किती पाहिले! कुणी तलवारीने घेतला, कुणाला हुंड्यात मिळाला. आणि आताचा धनी, देवा रे, चक्क फाशांवर लावून हरला! जिंकलेला उमराव व्होल्फ्राम फौजेनिशी चढण चढत होता, आणि त्याचा शिकारवाडा जाळणारे गावकरी गडातच आश्रयाला होते. सापडले की फास, हे ठरलेलंच.

"बाईसाहेब, आम्हाला बाहेर काढा," लोहार मातेय म्हणाला. "आमच्यापायी तुमच्यावर बालंट नको."

"गप्प बैस! आसऱ्याला आलेल्याला फासावर द्यायला मी काय कसाईण आहे? जा, सगळ्यांना पंगतीला बसव."

गडाचा रिवाज जुना होता. नव्या धन्याने पहिल्या दिवशी स्वहस्ते पाव मोडून पंगतीला वाटायचा. तो घास ज्याने खाल्ला, तो धन्याचा माणूस, त्याच्या केसालाही धक्का लावायचा नाही. हा शब्द मोडणाऱ्याला शिबंदी धनी मानीत नसे.

व्होल्फ्राम आला तोच घाईत. पंगतीत कोण बसलंय हे पाहायची त्याला फुरसत कुठली! पहिला तुकडा त्याने ल्युडमिलाबाईंच्या हाती ठेवला आणि भराभर वाटत सुटला. शेवटी मातेयपाशी येताच पाव संपला. तेवढ्यात त्याचा सेनापती ओरडला, "सरकार, घात झाला! हेच ते आग लावणारे!"

व्होल्फ्रामने तलवार उपसली. बाकीच्यांनी घास गिळले होते. रिकाम्या हाताचा मातेय तेवढा पांढराफटक पडला. ल्युडमिलाबाई पुढे धावल्या आणि आपला तुकडा त्यांनी त्याच्या तोंडात कोंबला.

"सरकार, घास आपल्याच हातचा आहे. आता हाही आपला माणूस."

सारी शिबंदी टक लावून पाहत होती. व्होल्फ्रामने दात-ओठ खात तलवार म्यान केली.

"आणि आपला घास, किल्लेदारीणबाई?"

"मी उपाशीच आहे, सरकार."

पुढे स्त्राकोव्हचं धान्याचं कोठार झालं, फौजेची छावणी झाली. त्या दिवशी मात्र त्याचा तुरुंग झाला, आणि पहिल्या बंदिवान झाल्या ल्युडमिलाबाई. बेड्या ठोकायचा हुकूम धन्याच्या नव्या लोहाराला सुटला. मातेय आला, पण हातोडा काही त्याच्याने उचलवेना. डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

ल्युडमिलाबाईंनी आपणहून मनगटं ऐरणीवर ठेवली.

"रडू नकोस रे. नीट बघून ठोक, नाहीतर मलाच लागेल."