बर्फावर चालल्याचा आवाज

भुतं रात्रीच येतात असं ज्याने ठरवलं, तो मस्कतला कधी राहिला नसणार.

कारण हे घडलं ते शुक्रवारी, भर दुपारी. अल् खुवैर भागातल्या एका फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. बाहेर डोळे दिपवणारं ऊन असताना!

आणि घडलं ते माझ्या सख्ख्या चुलत बहिणीसमोर. पूर्वा थापा मारते, पण फक्त मार्कांबद्दल. ह्याबद्दल नाही.

गेल्या डिसेंबरात ती, अनुपकाका आणि रश्मीकाकू अँडोराला गेले होते. फ्रान्स आणि स्पेनच्या चिमटीत अडकलेला एवढासा देश. डोंगर, बर्फ, स्कीइंग, आणि खाली गावात करमाफ दुकानंच दुकानं.

खरं तर जाणार होते चौघं.

चौथा दयामामा. काकूचा थोरला भाऊ, दयानंद. मस्कतच्याच घाला भागात एसी दुरुस्त करायचा आणि तिथेच एका गॅरेजच्या माडीवर राहायचा. अनुपकाकांना इथली पहिली नोकरी त्यानेच चिकटवून दिली होती. जन्मभर दुसऱ्यांची घरं गार केली, पण बर्फ म्हणून पाहिला नव्हता.

"दादा, यंदा तुम्हाला बर्फात नेतोच!" काका दर वर्षी म्हणायचे.

मामाने ते खरं मानलं. जाडजूड लाल जाकीट घेऊन ठेवलं.

मग काकांच्या ऑफिसातली दोन कुटुंबं बरोबर यायची ठरली. आणि मामाच्या व्हिसाचा अर्ज काही कुणी भरला नाही.

काकूला गोड बोलायचं असलं की ती मालवणीत शिरते. "व्हिसा मिळाक नाय रे दादा. आणि कुंड्यांक पाणी कोण घालतलो? चावी तुझ्याकडेच ठेय. आणि ह्येंका जाकीट नाय हा... तुझा न्हेव?"

मस्कतमध्ये गरम कपडे असतात कुणाकडे? थंडीत जाणारा मागूनच नेतो. मामाने जाकीट दिलं. वर हसला.

पूर्वाला मात्र त्याने जिन्यात थांबवलं.

"गो पूर्वा, बर्फार चालताना आवाज कसो येता, तो नीट ऐकून ये. माका सांग."

"पक्का, मामा! रेकॉर्डच करते."

आणि तिने केलाही. पहिल्याच सकाळी, कुणी पाय न ठेवलेल्या बर्फावर. कर्र... कर्र... कोरड्या रव्यात चमचा दाबावा तसा. लगेच मामाला व्हॉट्सॲपवर पाठवला.

एकच टिक.

दुसऱ्या दिवशीही... एकच टिक.

काका स्वतःचा फोन बंद करून बसले होते. सुट्टी म्हणजे सुट्टी! काकूचा मात्र परफ्यूमच्या दुकानात सारखा वाजत होता. अनोळखी नंबर.

"कोण हा मेला, पाठच सोडत नाही!" काकूने कट केला आणि मनगटावर आणखी एक सेंट मारून बघितला.

"आई, मामासाठी काय घ्यायचं?"

"अगं, घेऊ की एअरपोर्टवर चॉकलेट."

तर तो शुक्रवार. त्यांच्या परतीचा.

काकांनी दार उघडलं आणि आतून गारठा अंगावर आला. बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

"बघा! दादा एसी चालू ठेवून गेला," काकू कडाडली. "बिल कोण भरणार?"

पण पूर्वाच्या एक गोष्ट लक्षात आली.

एसीचा आवाजच नव्हता...

फ्रिजचाही नव्हता. निघताना काकांनी मेन स्विच पाडला होता. तो तसाच खाली होता.

खिडकीतला कढीपत्ता काळा पडला होता. करपून नव्हे. गोठून.

"मामा?" पूर्वाने हाक मारली.

आणि हॉलमधून...

कर्र.

कोरडी लादी. वर काही म्हणजे काही नाही.

कर्र... कर्र...

हा आवाज पूर्वा ओळखत होती. मस्कतमध्ये तो कुठून येणार?

पावलं पॅसेजमधून त्यांच्याकडे आली. सावकाश. नवख्या माणसासारखी, घसरू नये म्हणून जपून. काकांच्या बॅगेपाशी आली...

आणि थांबली.

लाल जाकीट त्याच बॅगेत होतं.

काकूने मामाला फोन लावला. बंद. तेवढ्यात तिचाच फोन वाजला. तोच अनोळखी नंबर. या वेळी काकांनी घेतला.

"भाईसाब, मैं यासिर, दयानंदभाई का रूममेट. कब से फोन कर रहा हूँ! आप लोग गए, उसके दूसरे ही दिन काम पे छाती में दर्द उठा. हॉस्पिटल पहुँचने से पहले खलास. रिश्तेदार के बिना बॉडी देते नहीं. तब से ठंडे में रखा है बेचारे को."

काकांनी हातातल्या चावीकडे बघितलं. मग विचारलं, "घर की चाबी?"

"जेब में थी. उसके सामान के साथ वहीं है."

काकू मटकन खाली बसली. लादी बर्फासारखी होती, तरी उठली नाही.

मामा विमानाने गावी गेला. शवपेटीत त्याच्यासोबत ते जाकीट ठेवलं. काकांनीच ठेवलं. काकू आता म्हणते, थकव्यामुळे भास झाला आपल्याला. पण परफ्यूमची खोकी तिने अजून फोडलेली नाहीत. आणि पूर्वाच्या फोनवर तो आवाज अजून तसाच आहे. एकाच टिकवर.

जूनमध्ये मी तिच्याकडे राहायला गेले होते. बाहेर नुसती भट्टी. दुपारी आम्ही दोघी पत्ते खेळत होतो. घरात तिसरं कुणी नव्हतं.

एकाएकी माझ्या पायांना गार लागलं...

मग पॅसेजमध्ये... कर्र.

मी पूर्वाकडे बघितलं. तिने पत्त्यांवरून नजरही उचलली नाही.

"मी सांगणार होते ना त्याला," ती म्हणाली. "आता तोच येऊन सांगतो."

मी अजून बर्फ पाहिलेला नाही. पण त्यावर चालताना आवाज कसा येतो, ते मला विचारा.

नको. विचारू नका.