पहिल्या पाण्याचा रंग

"म्याडम, लवकर या. आमचा डोमाजी डोहात तरंगून राहिला!"

लॉजच्या मॅनेजरचा, अश्विनचा फोन आला आणि फौजदार भावना तायडेंचा चहा कपातच राहिला.

परतवाड्यापासून जीपने तीन तास. मोबाइलला रेंज नाही, फक्त तारेचा फोन चालतो अशा जंगलात, काळडोहाच्या काठावर ते लॉज होतं. शुक्रवारी पुण्याचे सहा पाहुणे येणार होते. गळाला पिसांची खोटी माशी बांधायची, महाशीर धरायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा, यासाठी. हौसेला मोल नाही म्हणतात. त्यांना मासे दाखवणारा गाइड डोमाजी मात्र काठावर चादरीखाली पडला होता. डोक्याला मागून खोक होती.

शेजारच्या खडकाला त्याची गळाची काठी टेकवलेली होती. दोरीच्या टोकाची लाल माशी काठीच्या कड्यात अडकवलेली.

भावनाबाईंनी सवयीने खिशातले मूठभर फुटाणे डोहात टाकले. एकही मासा वर आला नाही. फुटाणे काळ्या पाण्यावर नुसते फिरत राहिले. बाईंना ते पाणी बघवेना.

"तुम्ही काय पाहिलं?" त्यांनी अश्विनला विचारलं.

"सकाळी सहाले ओट्यावर चहा पिऊन राहिलो होतो. डोमाजी नव्या माशा पाहाले डोहावर गेला. अर्धा तास हीच लाल माशी पाण्यात फेकत होता. मंग मी आत गेलो. बाहेर येतो त हा पाण्यात."

"लॉजवर आणखी कोण होतं?"

अश्विनने अंगणाकडे हनुवटी उडवली. "थो उजैर. अचलपूरचा अय्युब माशा बांधते ना, त्याचा पोरगा. काल नव्या माशा घेऊन आला, मुक्कामी राहिला. संध्याकाळी दोघाईचं लय वाजलं."

हवालदार बुधाजी तर बेड्या हातात घेऊनच उभा होता.

"कशावरून भांडलास?" बाईंनी उजैरला विचारलं.

"दोऱ्यावरून. माशीचा लाल दोरा रंग सोडते. मी म्हणलो, पक्क्या रंगाचा वापरू. डोमाकाका म्हणे, कच्चाच पाहिजे, पाण्यात लाल सुटलं की मासा रक्त समजून येते. बस, इतकंच."

"सकाळी कुठे होतास?"

"झोपून होतो, म्याडम."

"कोणी पाहिलं?"

"कोणीच नाही. एकटाच होतो."

दुपारी अय्युबचाचा मिळेल त्या जीपने येऊन पोचले. हापशावर हात धुऊ लागले तर ओंजळीतून लाल पाणी गळलं.

"रक्त!" बुधाजी ओरडला.

"रंग आहे, बाबा. माशा बांधून राहिलो होतो, खबर आली तसाच निघालो." मग चाचांनी बाईंपुढे हात जोडले. "एकच लेकरू आहे, बेटी. त्याले फाशी झाली त..."

बाई जेवणघरात गेल्या. भिंतीवर डोमाजीने हाताने लिहिलेला पाहुण्यांच्या चार दिवसांचा बेत लावलेला होता. कुठे जायचं, किती वाजता, कोणती माशी. चारही दिवशी 'काळडोह' लिहिलेलं होतं आणि चारही दिवशी खोडलेलं. मागची कोठी कुलूपबंद होती आणि किल्ली अश्विनच्या कमरेला.

बाईंनी पाण्याने भरलेले दोन काचेचे पेले मागवले. पंचांसमोर काठीवरची माशी सोडवली आणि पहिल्या पेल्यात टाकली.

पाणी हळूहळू लालभडक झालं.

तीच माशी त्यांनी दुसऱ्या पेल्यात टाकली. पाणी नितळच राहिलं.

"चाचा, असं का?"

"पहिल्या पाण्यातच सारा रंग जाते. मंग थेंब नाही सुटत."

"म्हणजे ही माशी आत्तापर्यंत पाण्याला लागलीच नव्हती." बाई अश्विनकडे वळल्या. "आणि तुम्ही तिला अर्धा तास डोहात पडताना पाहिलं! डोमाजी मासे धरत नव्हताच. मरण अपघाती वाटावं म्हणून कोणीतरी काठी नंतर तिथे ठेवली. उजैरने ठेवली असती तर माशी आधी भिजवली असती. रंगाचं त्याला ठाऊक होतं, तुम्हाला नव्हतं."

"मी कावून मारीन त्याले?"

"त्याने बेतातून काळडोह का खोडला? डोहात मासाच उरला नाही म्हणून. माझे फुटाणे अजून तरंगताहेत. बुधाजी, कोठी उघडा."

कोठीत जिलेटिनच्या कांड्या निघाल्या. अश्विनने डोहात स्फोट करून सगळे महाशीर बाजारात विकले होते.

अश्विनने कांड्यांकडे पाठ फिरवली. "नोकरी गेली असती माही. लय समजावलं, म्याडम. थो ऐकूनच नाही राहिला. म्हणे, पाहुण्याईले खरं सांगतो."

बुधाजीने बेड्या अश्विनच्या हातात घातल्या.

उजैर बापाच्या गळ्यात पडून रडत होता. "अब्बा, मी कायले भांडलो त्याच्यासंगं? पक्का रंग वापर, पक्का रंग वापर, हेच लावलं होतं मी."

चाचांनी लाल बोटांनी त्याचे डोळे पुसले.

"मी बी हेच म्हणत होतो, बेटा. डोमाजी कोणाचंच ऐकत नव्हता. ऐकलं असतं, त आज त्या बेड्या तुया हातात असत्या."