चार कोण म्हणणार

आमच्या भाड्याच्या कॅरव्हॅनमध्ये सगळं होतं. गॅसची शेगडी, पिटुकलं बेसिन, भिंतीतून खाली ओढायचे दोन पलंग आणि दारावर बाबांनी चिकटवलेली यादी. गॅस बंद. कपाटांच्या कड्या. पायरी वर. आणि सगळ्यात शेवटी आकडे. ड्रायव्हरच्या जागेमागे पडदा होता, त्यामुळे बाबांना मागचं काही दिसायचं नाही. म्हणून निघण्याआधी ते "एक!" असं ओरडायचे, शेजारून आई "दोन", मागून मी "तीन" आणि शेपूट "चार". चौथा आकडा आल्याशिवाय गाडी हलायची नाही. एका दिवसात तीन गावं बघून संध्याकाळी सहाला गाडी परत करायची होती, त्यामुळे बाबांचा जीव घड्याळात अडकलेला.

शेपूट म्हणजे माझी धाकटी बहीण. वय आठ, काम माझ्या मागे फिरणं. मी केस कापले की तिला कापायचे, मी पाय हलवला की ती हलवणार. जेवताना माझ्याकडे अशी टक लावून बसायची, जणू मी टीव्हीच. त्याच महिन्यात मी शाळेत नकलांचं पहिलं बक्षीस मारलं होतं, मुख्याध्यापिकांची नक्कल, तीही त्यांच्यासमोर! तेव्हापासून मी कुणाच्या बापाला भीत नव्हते. शेपटाचा आवाज तर माझ्या डाव्या हातचा मळ. फक्त बारमाही सर्दीमुळे ती शब्द संपला की हलकेच नाक ओढायची, तेवढं मला जमत नसे.

पहिल्या गावात रस्ता रुंद होता आणि माणसं नव्हती. दुकानं बंद, पण काचा लख्ख पुसलेल्या. न्हाव्याची खुर्ची रस्त्याकडे तोंड करून ठेवलेली. पेट्रोल पंपाच्या ओट्यावर मात्र पाचजण ओळीने बसले होते, मांडीवर हात ठेवून, न बोलता.

पंपवाले काका टाकी भरता भरता खिडकीतून आत बघत होते.

"किती जण?"

"चार," बाबा म्हणाले.

"मोजून बसा. इकडे बस येत नाही. रिकामी जागा दिसली की लोक बसतात."

"फुकट?" मी विचारलं.

काका हसले नाहीत.

शेपूट पंपामागच्या बाथरूममध्ये गेली होती, माझा नवाकोरा निळा शर्ट घालून. न विचारता! म्हटलं, आज हिला धडा शिकवायचाच. पाच मिनिटं फक्त. थोडं पुढे गेल्यावर "अगंबाई, शेपूट तुटलं!" म्हणायचं आणि वळून यायचं.

"एक!"

"दोन."

"तीन," मी म्हटलं. आणि मग, तिच्या आवाजात, "चार."

गाडी सुटली.

मागच्या काचेतून ती दिसली. पळत आली, एक चप्पल सुटली, मग थांबली. रडली नाही. नुसती उभी राहिली. मी खो खो हसत होते. ओट्यावर आता चारचजण होते, पण तेव्हा मी ते नुसतं पाहिलं.

शंभर आकडे मोजून मी पडद्याकडे वळले.

"हळू गं," आई पडद्यातून डोकावत म्हणाली. "झोपलीये ती."

पलंगावर कुणीतरी होतं. भिंतीकडे तोंड. पाठीवर माझा निळा शर्ट.

"आई, ती शेपूट नाहीये! शेपूट मागे राहिली! मी आवाज काढला होता तिचा!"

"बाईसाहेबांचा नवा प्रयोग," बाबा म्हणाले. "बक्षीस मिळालं ना, आता पुरे."

"खरंच, बाबा! शप्पथ!"

"शेपटे, आहेस ना गं?"

"चार," पलंगावरून आवाज आला.

अगदी तिचा. पण शेवटी नाक ओढलं नव्हतं.

दुसऱ्या गावात ती आईचं बोट धरून उतरली. चेहरा तोच. दात तेच. शेपटाच्या गुडघ्यावर सायकलवरून पडल्याची खूण होती. डाव्या की उजव्या, ते मला कितीही डोकं खाजवून आठवेना. हिच्या दोन्ही गुडघ्यांवर काहीच नव्हतं.

ती माझ्या मागे मागे आली नाही. एकदाही नाही.

मी रडले, बाबांच्या हातातली किल्ली ओढली. आईने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. तिसरं गाव मी पाहिलंच नाही. परतीचा रस्ता तोच होता, पंप तोच लागणार होता, आणि मी दाराची कडी धरून बसले होते.

चार वाजता पंप आला. गाडी पुरती थांबायच्या आत मी उडी मारली.

शेपूट बाथरूमच्या पायरीवर बसली होती. एका पायात चप्पल.

"ताई, तू माझा आवाज काढलास ना? झरोक्यातून ऐकू आला." मग तिने नाक ओढलं.

इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. "चल, ऊठ, पळ! तुला काय हवं ते देते. शर्ट ठेव तुलाच."

ती उठली नाही. माझा हात मात्र तिने घट्ट धरला.

पलीकडून बाबा ओरडले, "एक!"

"दोन."

मी तोंड उघडलं. माझ्या आधी "तीन!" ऐकू आलं. माझाच आवाज, माझाच तोरा.

तो शेपटाच्या तोंडून आला होता.

"मलापण येतं," ती म्हणाली.

"चार," गाडीतून कुणीतरी म्हटलं.

गाडी सुटली. मी ओरडले, हात ओढला, पळाले. ती माझ्याबरोबर पळाली, हात न सोडता.

मागच्या काचेत दोन मुली होत्या. मोठी मान मागे टाकून हसत होती, मी हसते तशी. हनुवटीखाली तीळ होता. तो तीळ मलासुद्धा आरशात मान वर केल्याशिवाय दिसत नाही. आईलाही ठाऊक नाही. पण शेपूट रोज माझ्याकडे बघत असायची.

घरी कुणाला काही कळणार नाही. कधीच.

ओट्यावर दोन जागा रिकाम्या होत्या. आम्ही बसलो. शेजारच्यांनी थोडं सरकून घेतलं.

बघायला इथे दुसरं काही नसतं. खूण डाव्या गुडघ्यावर आहे.