फरंगिसचं हिरवं

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण हे घडलंय, आणि माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय. तिचं नाव मनीजे.

गेल्या वर्षी नवरोजचा, म्हणजे आमच्या नव्या वर्षाचा, तेरावा दिवस शुक्रवारी आला. त्या दिवशी तेहरानमध्ये कुणी म्हणजे कुणी घरी बसत नाही. मनीजे, फरंगिस आणि आझर, कॉलेजपासूनच्या तिघी मैत्रिणी, गाडी काढून करजच्या पुढे नदीकाठी गेल्या.

फरंगिसचं त्या हिवाळ्यापासून काही खरं नव्हतं. ती चालायला लागली की मागून सपाता फरफटल्याचा आवाज यायचा.

फरर्... फरर्...

ती थांबली की तोही थांबायचा. वळून पाहावं तर कुणी नाही. नवरा कंटाळून आईकडे निघून गेला. मग तिच्या उशाशी कोण बसलं? मनीजे! स्वतःचं घर, स्वतःची झोप सोडून.

नदीकाठी सतरंजी पसरली. शेवयांचं आश, आमचं ते दाट सूप, गरम झालं. मग तिघी आपापलं हिरवं सोडायला निघाल्या. हिरवं म्हणजे नवरोजसाठी थाळीत उगवलेले गव्हाचे अंकुर. घरातली पीडा त्यात उतरते, ती वाहत्या पाण्याला द्यायची. पण आपली आपणच. तेराव्याला दुसऱ्याच्या हिरव्याला हात लावला की त्याची पीडा आपल्याला चिकटते. आमच्याकडे शेंबडं पोरही हे जाणतं.

मनीजेनं आपलं सोडलं. झरकन वाहून गेलं.

"आता तू, फरंगिस जान. सुटशील बघ एकदाची!"

फरंगिस काठावरच्या दगडावर चढली आणि...

"अगं, पडले! पकड, पकड!"

मनीजे धावली. एका हातानं मैत्रिणीला धरलं, दुसऱ्यानं थाळी सावरायला गेली. थाळी कलली आणि ते ओलं, गार हिरवं तिच्या मुठीत आलं.

फरंगिस पडली नव्हती. तिचे दोन्ही पाय दगडावर घट्ट होते.

"अगं बाई! हे घे ना परत," मनीजे म्हणाली.

फरंगिसनं हात मागे घेतले.

मागून आझरनं हळूच विचारलं, "घेतलं का तिनं?"

"घेतलं," फरंगिस म्हणाली.

नदीचा आवाज ऐकू येईना. पाखरंही गप्प झाली. आणि मनीजेच्या पाठीमागे, गोट्यांवर...

फरर्... फरर्...

फरंगिस कान देऊन ऐकत होती. मग ओक्साबोक्शी रडायला लागली. आनंदानं!

"माफ कर गं मनी. तुला नवरा नाही, पोर नाही. एकटीच तर आहेस, तू निभावून नेशील."

हे सांगताना मनीजे मला म्हणाली, "भुताचं सोड. त्या वाक्यानं माझं काळीज फाटलं. दोघींनी मिळून ठरवलं होतं गं! डबे भरताना, हसत हसत."

परतताना तिला गल्लीच्या तोंडाशीच उतरवलं. दारापर्यंत ती एकटीच चालत गेली.

एकटी कसली...

फरंगिसनं नंबर बदलला. आझर रस्त्यात दिसली तरी फुटपाथ बदलते. मनीजे वाळून काटकी झाली. वर्षभर तिच्याकडे जाणारी काय ती मीच. कधी आश घेऊन जायची, कधी नुसतीच तिच्याशेजारी बसायची.

काल तिचा फोन आला. आवाज मोकळा, गोड, अगदी पूर्वीसारखा.

"परवा तेरावा. नदीवर जाऊ या? तू आणि मी. दुसरं कुणी नको."

"यंदा हिरवं लावलंस होय?" मी विचारलं.

पलीकडे तिच्या मागून काहीतरी फरफटलं... आणि थांबलं.

"लावलंय," ती म्हणाली. "तू फक्त माझ्याजवळ उभी राहा हं. दगडावरून पाय घसरेल, अशी भीती वाटते मला."

मी अजून हो म्हटलेलं नाही. पण नाही तरी कसं म्हणू? बहीण आहे माझी.